पत्त्यांची जादू: समोर बसून बघतानाही आपण का फसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या आदल्या रात्री, गणपतीच्या जागरणात किंवा मे महिन्याच्या सुट्टीत कुणीतरी पत्त्यांचा कॅट काढतं आणि म्हणतं, "एक पान उचल." पुढच्या पाच मिनिटांत जे घडतं त्याबद्दल लोक जे हमखास विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पेटीतून माणूस गायब करणं वगैरे रंगमंचावरची जादू इथे नाही. हाताच्या अंतरावर, साध्या ५२ पानांनी केलेली जादू एवढाच विषय. ज्या युक्त्या कित्येक दशकांपासून छापील पुस्तकांत आहेत त्या मी मोकळेपणाने सांगितल्या आहेत. एखाद्या जादूगाराने स्वतः घडवलेली, ज्यावर त्याचं पोट चालतं अशी रचना उघडी पाडणं मला पटत नाही. त्यामुळे ती इथे सापडणार नाही.

हात नजरेपेक्षा वेगवान असतो, म्हणूनच काही दिसत नाही ना?

नाही. पत्त्यांच्या जादूबद्दलचा हा सगळ्यात चिवट गैरसमज आहे. झटक्यात हललेला हात उलट नजरेत भरतो, आणि एकदा शंका आली की प्रेक्षक त्या हातावरून डोळा काढत नाही. म्हणून चांगल्या जादूगाराचे हात संथ असतात. पान उचलायचं तर तुम्हीआम्ही रमी खेळताना उचलतो तसंच तो उचलतो, त्याच गतीने, त्याच बेफिकिरीने.

अर्जेंटिनाचे रेने लावांद (१९२८–२०१५) हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. वयाच्या नवव्या वर्षी मोटार अपघातात त्यांचा उजवा हात गेला. उरलेल्या डाव्या हाताने ते आयुष्यभर पत्त्यांची जादू करत राहिले, आणि तीही मुद्दाम हळू. "याहून हळू करता येणार नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं, आणि ते म्हणत ते पुन्हा एकदा, आणखी सावकाश करून दाखवायचे. लाल आणि काळी पानं डोळ्यांदेखत एकाआड एक ठेवली जायची आणि तरीही रंग वेगवेगळे होऊन बसायचे. एका हाताने, गोगलगायीच्या गतीने केलेलं काम दिसत नसेल, तर वेगाचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

मग मी नेमका कधी फसतो?

तुम्हाला वाटतं त्याच्या बऱ्याच आधी. एक उदाहरण अगदी जवळून बघू.

जादूगार वरचं पान उलटून दाखवतो: बदाम राणी. पुन्हा पालथं ठेवतो. मग वरचं पान उचलून, पालथंच, कॅटच्या मधोमध खुपसतो. चुटकी वाजवतो, वरचं पान उलटतो. बदाम राणी परत वर!

पहिल्यांदा उलटलं ते एक पान नव्हतं, दोन होती, एकावर एक तंतोतंत जुळवलेली. वर कुठलंतरी पान, त्याखाली राणी. दोन्ही मिळून उलटली की राणी दिसते. पुन्हा पालथी केली की राणी वरून दुसरी होते, आणि मधे खुपसलं जातं ते वरचं भलतंच पान. याला डबल लिफ्ट म्हणतात. आधी डाव्या हाताच्या करंगळीचं टोक दोन पानांखाली हलकेच सरकवून केसाएवढी फट धरून ठेवलेली असते. ती समोरून दिसत नाही, कारण पानांच्या पुढच्या कडा एकत्रच असतात.

आता क्रम बघा. प्रेक्षक कधी सावध होतो? पान मधे जाताना. आणि चुटकी वाजते तेव्हा तर तो श्वास रोखून बघतो. पण तोवर करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. काम झालं ते "हे तुमचं पान, बदाम राणी, बरोबर?" असं विचारताना, म्हणजे ज्या वेळी प्रेक्षकाच्या लेखी जादू सुरूच झालेली नव्हती. हे एक तत्त्व कळलं की पत्त्यांची निम्मी जादू कळते. सुरुवात आणि शेवट कुठे आहे हे जादूगार ठरवतो, आणि काम त्या दोन खुणांच्या बाहेर उरकतो.

एवढी साधी युक्ती असेल तर जाणकार कसे फसतात?

फसतात, आणि कसे! १९२२ साली शिकागोमध्ये डाय व्हर्नन या तरुण कॅनेडियन जादूगाराने हॅरी हूडिनी या जगप्रसिद्ध जादूगाराला हाच खेळ दाखवला. तीनदा बघितलं की कुठलीही युक्ती मी ओळखतो, असा हूडिनीचा दावा होता. त्याने स्वतःची आद्याक्षरं लिहिलेलं पान मधे जात होतं आणि पुन्हा वर येत होतं. व्हर्ननने तीनहून अधिक वेळा ते केलं. हूडिनीला काही सांगता आलं नाही, आणि व्हर्ननची ओळख पुढे जन्मभर "हूडिनीला फसवणारा माणूस" अशी राहिली.

इथे डबल लिफ्टइतकंच महत्त्व पुनरावृत्तीच्या रचनेला आहे. एरवी जादूगार एकच गोष्ट दोनदा करत नाही. या खेळात मात्र प्रत्येक फेरी प्रेक्षकाच्या डोक्यातला एक तर्क खोडून काढते. "दोन राण्या असतील" असं वाटलं, तर पानावर सही आहे. "पान मधे गेलंच नाही" असं वाटलं, तर पुढच्या वेळी ते अर्धवट बाहेर ठेवून दाखवतात. प्रत्येक फेरीत पद्धतही थोडी बदललेली असते. त्यामुळे पहिल्या फेरीचं खरं उत्तर दुसऱ्या फेरीला लागू पडत नाही आणि प्रेक्षक ते स्वतःच टाकून देतो. स्पेनचे जादूगार हुआन तामारिझ यांनी या विषयावर फार खोलात लिहिलं आहे. प्रेक्षक कुठली चुकीची उत्तरं शोधेल याचा अंदाज आधीच बांधायचा आणि ती सगळी दारं बंद करत जायची, हा त्यांच्या विचाराचा गाभा. नुसतं रहस्य झाकून भागत नाही, प्रेक्षकाच्या मनातले खोटे रस्तेही बंद करावे लागतात.

पान तर मी माझ्या मर्जीने निवडलं होतं. मग त्याला कसं कळलं?

दोन शक्यता. एक, पान खरंच तुमच्या मर्जीचं होतं, आणि नंतर ते कुठे आहे याचा माग त्याने सोडला नाही. दोन, मर्जी तुमची नव्हतीच. दुसऱ्या प्रकाराला फोर्स म्हणतात. तो लोकांना पचत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त सांगतो.

सगळ्यात सोपा फोर्स असा. जादूगाराला माहीत असलेलं पान, समजा इस्पिकचा गुलाम, कॅटच्या सगळ्यात वर आहे. तो कॅट टेबलावर ठेवून तुम्हाला हवं तिथे काटायला सांगतो. तुम्ही वरचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवता. उरलेला खालचा गठ्ठा तो तुमच्या गठ्ठ्यावर आडवा ठेवतो आणि म्हणतो, "कुठे काटलं याची ही खूण." मग तो तुमच्याशी बोलायला लागतो: पत्ते खेळता का, मेंढीकोट आवडतो की बदाम सात? अर्ध्या मिनिटाने आडवा गठ्ठा उचलतो आणि सांगतो, "तुम्ही जिथे काटलंत तिथलं पान बघा." तुम्ही बघता. इस्पिकचा गुलाम.

कागदावर वाचताना हे हास्यास्पद वाटतं. तुम्ही बघितलेलं पान मूळ कॅटमधलं सगळ्यात वरचं होतं, काटण्याच्या जागेशी त्याचा काहीही संबंध नाही. तरीही इंजिनीअर, वकील, शाळेतले गणिताचे सर, सगळे यात अडकतात. कारण मधलं अर्धं मिनिट. कुठला गठ्ठा वरचा आणि कुठला खालचा हे लक्षात ठेवायचं काही कारणच त्यांना दिलेलं नसतं. घाई करून लगेच पान दाखवलं तर मात्र निम्मे लोक पकडतील.

मनातल्या मनात निवडलेलं पानही फोर्स करता येतं का?

बऱ्याचदा, हो. कॅनडातल्या जे ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. जादूगार प्रेक्षकासमोर पानं झरझर सोडतो आणि दिसलेलं एखादं पान मनात धरायला सांगतो. ठरवलेलं पान बाकीच्यांपेक्षा क्षणभर जास्त दिसतं, बस. ९८ टक्के वेळा लोकांनी जादूगाराला हवं तेच पान धरलं, आणि आपल्यावर काही प्रभाव पडला हे फक्त ९ टक्के लोकांच्या लक्षात आलं.

अर्थात हे हात बसलेल्या जादूगाराचे आकडे आहेत. कुठल्या गतीने पानं सोडायची, कुठे क्षणभर रेंगाळायचं, याचा अंदाज सरावानेच येतो.

आणि नंतर आपणच त्या निवडीचं समर्थन करतो ते वेगळंच. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि जास्त आवडलेला निवडायला सांगितलं. मग जादूगारांची हातचलाखी वापरून काही वेळा न निवडलेला फोटो त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, हाच का आवडला? बहुतेक वेळा अदलाबदल लक्षातच आली नाही. लोक त्या भलत्याच चेहऱ्याची तारीफ करत कारणं सांगत बसले. मला पत्त्यांच्या जादूतलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच: फसवणुकीतला मोठा वाटा प्रेक्षक स्वतः, आनंदाने उचलतो.

मिसडायरेक्शन म्हणजे "ते बघा विमान" म्हणून दुसरीकडे बघायला लावणं का?

तेवढं ढोबळ केलं तर कुणीही ओळखेल. जादूगार प्रश्न विचारतो तेव्हा तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघता, कारण बोलणाऱ्याकडे बघायची आपल्याला सवय असते. विनोदावर सगळे हसतात तेव्हा लक्ष सैल पडतं. एक चमत्कार नुकताच घडून गेला, लोक एकमेकांकडे बघून टाळ्या वाजवतायत, तो क्षण तर सोन्याचा. पुढच्या खेळाची तयारी तिथेच होते.

पण नजर वळवणं हा यातला छोटा भाग. ब्रिटनमधले गुस्ताव्ह कून हे स्वतः जादू करणारे मानसशास्त्रज्ञ. बेंजामिन टॅटलर यांच्यासोबत त्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोक जादू बघत असताना त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. वस्तू सरळसरळ खाली टाकली जात होती, तरी अनेकांना ती दिसली नाही, आणि दिसणं-न दिसणं त्यांची नजर त्या क्षणी कुठे रोखलेली होती यावर अवलंबून नव्हतं. डोळे जागेवर असून लक्ष नसेल तर दिसत नाही. आपण नजरबंदी म्हणतो ती खरं तर लक्षबंदी.

मी स्वतः पत्ते पिसले होते. त्यानंतर तर काहीच शिल्लक राहू शकत नाही?

इथे गणित येतं, आणि ते जादूइतकंच सुंदर आहे.

५२ पानांचे क्रम किती असू शकतात? ती संख्या लिहायला ६८ अंक लागतात. म्हणून वाटतं की एकदा पिसलं की सगळं विस्कटलं. प्रत्यक्षात पत्ते फार हट्टी असतात. दोन भाग करून अंगठ्यांनी फर्रकन एकमेकांत मिसळले, तरी प्रत्येक भागातला आतला क्रम तसाच राहतो, फक्त मधेमधे दुसऱ्या भागातली पानं येतात. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलं की कॅट नीट मिसळायला असं सुमारे सात वेळा करावं लागतं. डायकोनिस हे चौदाव्या वर्षी घर सोडून वर उल्लेख केलेल्या डाय व्हर्ननबरोबर जादूच्या दौऱ्यावर निघालेले, आणि नंतर स्टॅनफर्डमध्ये गणिताचे प्राध्यापक झालेले गृहस्थ.

आणि आपल्या घरी करतात तसं, हातात कॅट धरून थोडी थोडी पानं वरून खाली टाकत पिसणं? त्याने नीट मिसळायला हजारो फेऱ्या लागतील. पानांचे पुंजके जसेच्या तसे इकडून तिकडे जातात, एवढंच.

याचा फायदा जादूगार शंभर वर्षांपासून घेत आले आहेत. कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स जॉर्डन यांचा एक खेळ असा होता की क्रम लावलेला कॅट समोरच्याने स्वतः पिसायचा, काटायचा, पुन्हा पिसायचा, मग एक पान बघून दुसरीकडे खुपसायचं. जादूगाराने कॅटला हात लावलेला नसतो. नंतर तो पानं मांडतो. तुटक का होईना, क्रमाच्या लांब साखळ्या अजून शाबूत असतात आणि एकच पान कुठल्याही साखळीत बसत नाही. तेच तुमचं.

शिवाय जादूगार स्वतः पिसतो तेव्हा ते पिसणं खरं असेलच असं नाही. वरची दहा पानं जागेवर ठेवून बाकीची हलवणं किंवा अख्खा कॅट जसाच्या तसा ठेवून पिसल्याचा नुसता देखावा करणं, हे हात बसलेल्या माणसाला सहज जमतं.

मामा २१ पानांची जादू करायचा. ती कशी होते?

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पहिली शिकलेली जादू हीच. सात आडव्या ओळी, तीन उभ्या रांगा, "तुझं पान कुठल्या रांगेत?" असं तीनदा विचारायचं, आणि दर वेळी सांगितलेली रांग बाकी दोन रांगांच्या मधे घालून पानं गोळा करायची. शेवटी अकरावं पान तुमचं.

यात हातचलाखी शून्य. पहिल्यांदा सांगितलेली रांग मधे घातली की तुमचं पान आठव्या ते चौदाव्या जागेत अडकतं. पुन्हा आडवी तीन-तीन करून मांडताना आठवं-नववं पान तिसऱ्या ओळीत, दहावं ते बारावं चौथ्या ओळीत आणि तेरावं-चौदावं पाचव्या ओळीत जातं. म्हणजे आता तुमचं पान सांगितलेल्या रांगेत तिसरं, चौथं किंवा पाचवंच असणार. ती रांग मधे घातली की ते दहा, अकरा, बारा यांपैकी एका जागेवर. तिसऱ्यांदा मांडलं की या तिन्ही जागा एकाच, चौथ्या ओळीत येतात. तुम्ही रांग सांगितली की तिच्यातलं बरोबर मधलं पान तुमचं, गोळा करायचीही गरज नाही.

या खेळाची निंदा करणारे जादूगार पुष्कळ आहेत. तीन वेळा मांडणं कंटाळवाणं होतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण दोष खेळाचा कमी आणि "अकरा" असं मोठ्याने मोजणाऱ्याचा जास्त. मोजूच नका. तिसऱ्यांदा रांग सांगताच तिच्या चौथ्या ओळीतलं पान नजरेने टिपा, सगळी पानं एकत्र करून समोरच्याला मनसोक्त पिसायला द्या, आणि मग त्यातून ते काढून दाखवा. तोच खेळ एकदम वेगळ्या उंचीवर जातो.

पत्ते खास बनवलेले असतात का?

कधीकधी. जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या जादूच्या कॅटमध्ये बहुधा एकाआड एक पान सारखंच असतं आणि ती सारखी पानं किंचित आखूड कापलेली असतात. एका बाजूने फर्रकन सोडली की सगळी वेगवेगळी दिसतात, नाहीतर सगळी एकच. दुसऱ्या एका प्रकारात पानं एका टोकाला जरा निमुळती असतात, त्यामुळे उलट घातलेलं पान बोटांना लागतं.

पण जवळून जादू करणारे बहुतेक लोक साधाच कॅट वापरतात, कारण तो प्रेक्षकाच्या हातात देता येतो. अमेरिकेत १८८५ पासून निघणारा बायसिकल कॅट जगभर लोकप्रिय आहे. त्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात. त्यांत हवा राहते आणि पानं एकमेकांवरून अलगद सरकतात. पाठीला पांढरी किनार असते, त्यामुळे पालथ्या पानांमध्ये एखादं पान सुलटं असलं तरी नुसती कड दिसून ते पटकन ओळखू येत नाही. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते टिकतात फार, पण नवखा हात त्यांच्यावर ठरत नाही.

सावंतवाडीच्या गंजिफांनी हे खेळ होतील का, असंही कुणीतरी विचारतंच. दशावतारी गंजिफात १२० पानं असतात, गोल आणि रंग-रोगण चढवलेली. ती वाकवून मिसळता येत नाहीत आणि कोपरा नसल्यामुळे कोपऱ्यावर चालणाऱ्या सगळ्या युक्त्या बाद होतात. शिवाय हाताने रंगवलेलं ते काम करंगळीची फट धरण्यासाठी वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

तळहातात पान लपवतात ते दिसत कसं नाही?

पान तळव्याला जवळजवळ चिकटून, किंचित बाक घेऊन बसतं. एक कोपरा करंगळीच्या टोकाशी आणि समोरचा अंगठ्याच्या गादीत दाबलेला. बोटं मात्र एकमेकांना लागून, सैल आणि नैसर्गिक. नवशिक्याचा हात कडक होतो, अंगठा ताठ उभा राहतो, आणि तो स्वतःच त्या हाताकडे बघतो. तिथेच पकडला जातो. कसलेला माणूस त्याच हाताने कॅट पुढे करतो, चष्मा सारखा करतो, चहाचा कप उचलतो.

लहान मुलं लवकर पकडतात, हे खरं?

अनेक जादूगारांचा अनुभव तसाच आहे, माझाही. मोठी माणसं "पान मधे ठेवलं" हे शब्द ऐकून तसंच बघतात. पाच वर्षांची पोर शब्दांकडे फारसं लक्ष देत नाही, तिला हात दिसतो. आणि ती तुमच्या डोळ्यांत न बघता टेबलाखाली वाकून बघते, त्यावर तर काहीच इलाज नाही.

माझा मित्र शपथेवर सांगतो की जादूगाराने पत्त्यांना हातच लावला नव्हता. हे कसं शक्य?

बहुतेक वेळा तसं घडलेलं नसतं, पण मित्र खोटंही बोलत नाही. त्याला तसंच आठवतं. जादू संपल्यावर आपण ती मनात पुन्हा रचतो, आणि निरुपद्रवी वाटलेले तपशील त्यातून गळून पडतात. "जरा पानं नीट करून देतो" म्हणत जादूगाराने कॅट दोन सेकंद हातात घेतला होता, हे कुणाच्याच कथेत उरत नाही.

जादूगार याला हातभारही लावतात. शेवटाच्या आधी उजळणी करतात: "पत्ते तुम्ही पिसलेत, पान तुम्ही निवडलंत, मी बघितलंही नाही." यातली दोन वाक्यं खरी असतात आणि एक निम्मं खरं. प्रेक्षक मान डोलावतो, आणि ती मान हलताच जादूगाराची आवृत्ती त्याची स्वतःची आठवण होऊन जाते. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये तो जे सांगतो ते प्रत्यक्ष घडलं त्याहून कितीतरी मोठं असतं. उत्तम जादूगार हातांइतकीच मेहनत या उजळणीच्या वाक्यांवर घेतात.

जत्रेत, स्टेशनबाहेर तीन पानं टाकून "राणी कुठे?" विचारतात. नीट लक्ष ठेवलं तर जिंकता येईल?

नाही. आणि हे उत्तर मी मुद्दाम कडक शब्दांत देतो: पैसे लावू नका, थांबूही नका.

तो माणूस एका हातात दोन पानं धरतो, राणी खाली आणि दुसरं वर. टाकताना खालचं पान पडलं असं वाटतं, पडतं वरचं. त्या एका टाकण्यानंतर तुम्ही कितीही डोळ्यांत तेल घालून बघा, माग भलत्याच पानाचा घेतलेला असतो. शेजारी उभे राहून जिंकणारे "गिऱ्हाईक" त्याच टोळीतले असतात. त्यांच्यातलाच एकजण खेळवणाऱ्याची नजर चुकवून राणीचा कोपरा दुमडतो आणि तुम्हाला डोळा मारतो. तुम्ही खात्रीने मोठी रक्कम लावता. तोवर तो दुमड सरळ होऊन दुसऱ्याच पानाला पडलेला असतो. चुकून बरोबर पानावर बोट ठेवलंत, तर कुणीतरी जास्त पैसे लावून तुमचा डाव रद्द करवतो, नाहीतर "पोलीस आले" म्हणून सगळे पांगतात.

त्याचं तंत्र आणि जादूगाराचं तंत्र यांत फार अंतर नाही. पत्त्यांच्या हातचलाखीवरचं सगळ्यात गाजलेलं, १९०२ साली शिकागोत निघालेलं पुस्तकसुद्धा जुगाऱ्यांच्या लबाडीपासूनच सुरू होतं. पण जादूगार आधीच सांगून फसवतो आणि तुमच्या खिशाला हात घालत नाही. म्हणून मला या दोघांना एका पंगतीत बसवलेलं अजिबात सहन होत नाही. असा जुगार खेळवणं महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

मग बुवा-बाबांचे चमत्कारही हेच का?

पुष्कळसे. हवेतून अंगारा काढणं आणि तळहातात पान लपवणं ही जवळची भावंडं आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी, शाळाशाळांतून चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची हातचलाखी समजावतात. जादूच्या कलेचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामुळे "मी जादू करतो, अडचण येईल का?" असं काही नवशिके घाबरून विचारतात. अंगात अलौकिक शक्ती असल्याचं भासवून लोकांना लुबाडणाऱ्यांसाठी तो कायदा आहे. करमणूक म्हणून केलेल्या खेळाशी त्याला कर्तव्य नाही. मात्र "मला तुमच्या मनातलं वाचता येतं" हे खेळापुरतं म्हणणं आणि नंतर कुणी खासगीत येऊन मुलीच्या लग्नाबद्दल विचारल्यावर उत्तर देणं, यांच्यामध्ये एक रेघ आहे. ती ओलांडायची नाही.

मोबाइलवर दिसतात त्या व्हिडिओंतली जादू खरी असते का?

काही खरी, काही कॅमेऱ्याची. एकाच कोनातून, काटछाट करून दाखवलेली जादू समोर बसून बघितलेल्या जादूशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

मला शिकायचं आहे. कुठली एक युक्ती आधी करू?

ही करा. हात बसलेला नसला तरी चालते, आणि प्रेक्षकाला मनातून कसं हाताळायचं ते शिकवते.

पत्ते पिसता पिसता सगळ्यात खालचं पान हळूच बघून ठेवा. समजा किलवर सत्ती. कॅट पसरून समोरच्याला कुठलंही पान घेऊ द्या, अगदी मोकळेपणाने. त्याने ते बघून कॅटच्या वर ठेवावं. आता त्याला कॅट काटायला सांगा आणि खालचा गठ्ठा वरच्यावर ठेवून घ्या. किलवर सत्ती बरोबर त्याच्या पानाच्या डोक्यावर येऊन बसते. आणखी दोनदा असंच काटू द्या, ही जोडी सुटत नाही. पिसू मात्र देऊ नका.

मग वरून एकेक पान सुलटं करत टेबलावर टाकत जा. किलवर सत्ती आली की पुढचं पान त्याचं. इथे थांबायचं नाही, चेहरा बदलायचा नाही. ते पान टाका आणि त्याच चालीत आणखी पाच-सहा पानं टाका, पण त्याच्या पानाचा कोपरा उघडा राहील असं बघा. आता हातातल्या कॅटवरचं पुढचं पान बोटांनी अर्धं पुढे सरकवा आणि म्हणा, "यापुढे मी जे पान उलटेन ते तुमचं." आपलं पान केव्हाच येऊन गेलंय हे त्याला माहीत असतं, त्यामुळे तो खुशाल पैज लावायला निघतो. पैज चहाचीच ठेवा. मग हातातलं पान तसंच सोडून द्या, टेबलावरचं त्याचं पान ओढा आणि पालथं करा.

किलवर सत्ती अगदी शेवटी आली, तर गडबडू नका. काटताना कॅट नेमका त्या जोडीच्या मधून काटला गेलेला असतो, आणि त्याचं पान तुम्ही सगळ्यात आधी टाकलेलं असतं.